जॅक्सनव्हिलचा नदीकांठ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं फ्लॉरिडा या संस्थानाच्या ईशान्य कोपऱ्यांत जॅक्सनव्हिल हें शहर वसलेलें आहे. त्याच्या मधून वाहणारी सेंट जॉन्स नदी दोन गोष्टींमुळें ओळखली जाते. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि अत्यंत संथ वाहते. सुमारें ३१० मैलांच्या वाटचालींत तिचें पात्र ३० फूटहि उतरत नाहीं. भरतीचें पाणी शहर ओलांडून कितीतरी वर चढतें. पूर्वीं येथें गुरें नदीपार नेण्याचा उतार होता, म्हणून वस्तीला काउफोर्ड म्हणत. १८२२ सालीं अँड्रू जॅक्सन याच्या नांवानें शहराची आंखणी झाली. १९०१ च्या मोठ्या आगींत मध्यवर्ती शहर जळून खाक झालें आणि पुन्हा उभें राहिलें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या शहरांत जी गोष्ट सर्वांच्या तोंडीं होती ती आगीची नव्हे, तर नदीकांठच्या एका ओसाड जागेची, तिच्या शेजारच्या क्रीडांगणाची, आणि हीं दोन्ही आपल्या हातीं घेऊन तेथें नवें शहर उठवूं पाहणाऱ्या एका गृहस्थाची.

ही जागा म्हणजे जुन्या गोद्यांची जागा. एकोणिसाव्या शतकापासून या कांठीं जहाजें बांधण्याचे व दुरुस्त करण्याचे कारखाने होते. शेवटची गोदी १९९२ मध्यें बंद पडली आणि मागें राहिली ती दूषित माती, मोडके धक्के व तारेचें कुंपण. पुढील वीस वर्षांत दोन निरनिराळे विकासक मोठमोठे नकाशे घेऊन आले. पहिल्याच्या कामीं नगराच्या तिजोरींतील कोट्यवधि डॉलर खर्चीं पडले. दुसऱ्याचें दिवाळें निघालें आणि जमीन फिरून नगराकडे आली. नदीच्या वरच्या अंगाला, थोड्याच अंतरावर, १९८७ सालीं थाटामाटानें उघडलेली 'लँडिंग' नांवाची बाजारपेठ होती. तिचा धंदा बसला आणि २०२० पर्यंत तीहि पाडून टाकण्यांत आली. अशा शहरांतील रहिवाशांना इमारतींचीं रंगीत चित्रें दाखविलीं कीं ते हुरळून जात नाहींत. चित्रांत नेहमींच झाडें हिरवीं असतात, बायकामुलें हिंडत असतात, आणि पाण्यावर शिडाच्या होड्या असतात, हें त्यांना आतां पाठ झालें आहे.

तें गृहस्थ म्हणजे शाहिद खान. त्यांचा जन्म १९५० सालीं लाहोरचा. सोळाव्या वर्षीं ते एकटे शिक्षणासाठीं इलिनॉय येथें आले, आणि भांडीं घासण्याच्या कामावर त्यांनीं पहिला डॉलर मिळविला. पुढें मोटारींचे भाग बनविणारा जो कारखाना त्यांना नोकरी देत होता तोच १९८० मध्यें त्यांनीं विकत घेतला व अपार संपत्ति जोडली. २०१२ च्या आरंभीं ते जॅक्सनव्हिलच्या 'जॅग्वार्स' या फुटबॉल संघाचे मालक झाले. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायानें खेळावयाचा चेंडू नव्हे. शिरस्त्राण घालून, चेंडू हातीं धरून, अंगावर तुटून पडण्याचा तो अमेरिकन खेळ आहे.

जॅक्सनव्हिलला या संघाचें इतकें वेड कां, हें समजून घेतल्यावांचून पुढील वादाचें मर्म कळणार नाहीं. राष्ट्रीय फुटबॉल मंडळानें १९९३ च्या नोव्हेंबरांत या शहराला संघ दिला तेव्हां तो सर्वांनाच आश्चर्याचा धक्का होता. मंडळांतील शहरांत हें लहानांपैकीं एक. १९९५ मध्यें पहिला हंगाम झाला. २००५ सालीं वर्षाचा अंतिम सामना येथें भरला, तेव्हां शहरांतील हॉटेलें पाहुण्यांना पुरेनात, म्हणून मोठीं प्रवासी जहाजें आणून नदींत उभीं करावीं लागलीं व त्यांच्या खोल्या भाड्यानें द्याव्या लागल्या. हा प्रसंग तेथील लोक कौतुकानेंहि सांगतात आणि थोड्या ओशाळेपणानेंहि. शहरांत या तोलाचा दुसरा व्यावसायिक संघ नाहीं. संघ गेला तर शहराचें नांव वर्तमानपत्रांत कोण छापील, ही त्यांची भीति हास्यास्पद नाहीं. सेंट लुइसचा संघ २०१६ मध्यें, सॅन डिएगोचा २०१७ मध्यें व ओकलंडचा २०२० मध्यें गांव सोडून गेला. शिवाय जॅग्वार्स २०१३ पासून जवळजवळ दर वर्षीं आपला एखादा घरचा सामना लंडनला नेऊन खेळत, त्यामुळें संशयाला जागा होतीच. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या छोट्या गांवाचा संघ गांवकऱ्यांच्याच भागांवर चालतो. तो कोणी उचलून नेऊं शकत नाहीं. परंतु मंडळाच्या नियमांप्रमाणें तसा दुसरा संघ आतां निघणें शक्य नाहीं. तेव्हां इतर सर्व शहरांचा व्यवहार एकेका मालकाशीं.

खान यांच्या कारकीर्दींत शहरानें हात आखडता घेतला असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २०१४ मध्यें क्रीडांगणावर जगांत मोठ्यांत गणले जाणारे गुणफलक लागले. ६ कोटि ३० लक्ष डॉलरांपैकीं ४ कोटि ३० लक्ष नगरानें दिले. २०१७ मध्यें क्रीडांगणाला लागून संगीताच्या जलशांसाठीं रंगमंडप उभा राहिला, त्याचा खर्चहि निम्मानिम्मा. त्याच वर्षीं जुन्या गोद्यांच्या जागेविषयीं बोलणीं करण्याचा अधिकार नगरानें खान यांच्या संस्थेला दिला. नदीवरील हार्ट पुलाकडून येणारे उंच रस्ते मध्यें आड येत. तेहि पाडण्याचें ठरलें व पुढें पाडले गेले. गोद्यांच्या जागीं मात्र वीट चढली नाहीं. मालकाचें लक्ष मध्यंतरीं क्रीडांगणाच्या शेजारच्या मोटारी उभ्या करण्याच्या पटांगणाकडे वळलें होतें. त्याला 'लॉट जे' एवढेंच नांव होतें.

या पटांगणावर राहत्या जागा, एक हॉटेल, भोजनगृहें व एक मोठें करमणूकघर असा ४४ कोटि ५० लक्ष डॉलरांचा बेत बाल्टिमोरच्या एका विकासक संस्थेच्या भागीनें ठरला. नगरानें आपल्या बाजूनें २० कोटींहून अधिक डॉलरांचा भार उचलावा, अशी मेयर लेनी करी यांनीं बोलणीं केलीं. २०२० च्या अखेरीस हा मसुदा कौन्सिलपुढें आला आणि शहरांत दोन तट पडले. संघाच्या चाहत्यांचें, इमारतीच्या धंद्यांतील लोकांचें व पुष्कळ व्यापाऱ्यांचें म्हणणें असें कीं, तीस वर्षें कोणी पुढें आलें नाहीं. आज एक मनुष्य स्वतःचा पैसा घालावयास तयार आहे, तर त्याला परत पाठवून काय साधणार? करदात्यांपैकीं दुसऱ्यांचें म्हणणें असें कीं, मनुष्य पैसा घालतो हें खरें, पण आपल्या पैशापुढें आमचा किती, हा हिशेब आधीं मांडा.

हिशेब कौन्सिलच्या लेखापरीक्षकानें मांडला, आणि तो मसुद्याला अनुकूल नव्हता. त्यांतील एक कलम तर लोकांच्या चांगलेंच लक्षांत राहिलें. नगरानें विकासकाला ६ कोटि ५५ लक्ष डॉलर पन्नास वर्षांच्या मुदतीनें बिनव्याजी द्यावयाचे. विकासकानें त्यांतील १ कोटि ३१ लक्ष एका विश्वस्त निधींत बाजूला ठेवावयाचे. तो निधि व्याजानें वाढत वाढत अर्ध्या शतकानंतर कर्ज फेडील. बाकीची रक्कम आज विकासकाच्या हातांत. या कर्जाला 'पावाची पेटी' असें टोपणनांव होतें. कुळंब्याच्या घरींहि हें गणित कोणी मांडलें असतें तर आजीबाईनें चष्मा सांवरून विचारलें असतें कीं, मग देणारा कोण आणि घेणारा कोण? शहराच्या मध्यभागाची सुधारणा ज्या खास मंडळाकडे सोंपविलेली होती त्याला आरंभीं या व्यवहारांत विचारलेंहि नव्हतें. हें अनेकांना पैशापेक्षांहि अधिक झोंबलें.

त्यांना झोंबण्याचें आणखी एक कारण होतें. शहराला वीज व पाणी पुरविणारी संस्था नगराच्या मालकीची आहे. २०१९ मध्यें ती खाजगी कंपन्यांना विकण्याचा खटाटोप झाला, तो उघडकीस येऊन मोडला, आणि त्या संस्थेचा मुख्य अधिकारी पुढें २०२४ मध्यें न्यायालयांत दोषी ठरला. त्या प्रकरणाशीं फुटबॉल संघाचा कांहीं संबंध नव्हता. पण नगरमंदिरांतून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या व्यवहाराकडे लोक त्या दिवसांत डोळे बारीक करून पाहूं लागले होते, आणि 'लॉट जे'चा मसुदा नेमका त्या वेळीं आला.

१२ जानेवारी २०२१ रोजीं मतें घेण्यांत आलीं. कौन्सिलचे सभासद १९. मंजुरीस दोनतृतीयांश, म्हणजे १३ मतें हवीं होतीं. बाजूनें १२ पडलीं, विरुद्ध ७. एका मतानें बेत कोसळला.

संघ आतां जाणार, असें कित्येकांनीं त्या रात्रीं धरून चालले. तसें कांहीं झालें नाहीं. जून महिन्यांत खान पुन्हा आले आणि या वेळीं नदीकांठींच आले. 'फोर सीझन्स' या प्रख्यात नांवाचें हॉटेल, त्यांतच कांहीं घरें, एक कचेऱ्यांची इमारत आणि होड्यांचा धक्का, अशी ही योजना होती. नगराकडून मागितलेली मदत सुमारें ११ कोटि डॉलरांची, म्हणजे आधींच्या निम्म्याच्या आसपास, आणि तिचें कलमन्‌कलम आधीं मध्यभागाच्या मंडळाकडून तपासून घेतलेलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कौन्सिलनें मोठ्या बहुमतानें संमति दिली. विरोधकांनीं आदल्या हिंवाळ्यांत हट्ट धरला नसता तर व्यवहार या वळणावर आला असता काय, हा प्रश्न तेथील जाणत्यांच्या बैठकींत निघत असे, आणि त्याचें उत्तर बहुधा एकच मिळे.

तरीहि सर्वांचें समाधान झालें असें नाहीं. हॉटेलच्या लगत मेट्रोपोलिटन उद्यान आहे. त्याच्या जमिनीवर सरकारी साहाय्याबरोबर आलेली एक अट होती. ती जागा उद्यानासाठींच राखावयाची, किंवा तितकीच दुसरी जागा उद्यानाला द्यावयाची. म्हणून जागांची अदलाबदल करावी लागली. नदीचा कांठ सर्वांचा आहे, त्यावर धनिकांचीं घरें कशाला, सलग चालत जातां येईल अशी बागच कां नको, असें म्हणणारा एक मोठा वर्ग शहरांत आहे. दुसरे पाण्याकडे बोट दाखवितात. २०१७ च्या सप्टेंबरांत इर्मा वादळाच्या वेळीं ही संथ नदी मध्यवर्ती शहराच्या रस्त्यांत शिरली होती. वाऱ्यानें पाणी रेटलें, भरती आली, आणि उतार नसलेल्या पात्राला तें समुद्राकडे टाकतां येईना. ज्यांनीं त्या दिवशीं रस्त्यांतून कमरेएवढें पाणी तुडविलें त्यांना कांठावरच्या तळघरांची चिंता वाटली तर त्यांत नवल नाहीं.

क्रीडांगणाच्या उत्तरेला 'ईस्टसाइड' म्हणून कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. वर्णभेदाच्या कायद्यांच्या काळांत तिनें आपलीं दुकानें, शाळा व प्रार्थनामंदिरें स्वतःच्या बळावर उभीं केलीं. पुढें मोटारींचे मोठे रस्ते तिच्या अंगावरून गेले आणि वस्ती तुटली. सामन्याच्या दिवशीं हजारों लोक तिच्या कडेनें जातात, त्यांच्या मोटारी अंगणांत उभ्या करून घेऊन चार पैसे मिळतात, एरवीं कोणी फिरकत नाहीं. नदीकांठच्या सुधारणेविषयीं येथील मत सरळ 'होय' किंवा 'नाहीं' असें नव्हतें. कामें मिळतील तर हवींच होतीं. पण भाडीं चढून आपल्यालाच उठावें लागलें तर ती सुधारणा कोणाची, असा त्यांचा प्रश्न होता. या सर्व वादांत हाच प्रश्न सर्वांत जड होता, आणि तो विचारणाऱ्यांचा आवाज सर्वांत उशिरा ऐकूं आला, हें नमूद करणें भाग आहे.

तो ऐकूं आला तो क्रीडांगणाच्या निमित्तानें. मेयर डोना डीगन २०२३ मध्यें निवडून आल्या. शहराच्या त्या पहिल्या स्त्री मेयर. त्यांनीं खान यांच्याशीं केलेला करार २५ जून २०२४ रोजीं कौन्सिलनें १४ विरुद्ध १ अशा मतांनीं मान्य केला. जुनें क्रीडांगण जवळजवळ मुळापासून नवें करावयाचें, वर छत घालावयाचें, एकूण खर्च १४० कोटि डॉलर. त्यांतील ७७ कोटि ५० लक्ष नगराचे आणि ६२ कोटि ५० लक्ष संघाचे. मोबदल्यांत संघानें तीस वर्षें शहरांत राहण्याचें बंधन पत्करलें. क्रीडांगणांवरील सरकारी खर्च त्यांच्या उत्पन्नांतून भरून निघत नाहीं, असें बहुतेक अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षें सांगत आले आहेत, आणि जॅक्सनव्हिलमध्येंहि तें सांगितलें गेलें. कौन्सिलनें तें ऐकलें आणि संघ राखला. कराराबरोबर ईस्टसाइडसाठीं, उद्यानांसाठीं व बेघरांसाठीं एक निधि जोडलेला होता. त्यांत संघानें तीस वर्षांत १५ कोटि डॉलर द्यावयाचें कबूल केलें. नगरानें आपला तितकाच वाटा घालावा अशी मेयरांची सूचना होती, तेथें मात्र सभासदांचें एकमत होईना. जे क्रीडांगणाच्या कोट्यवधींवर एका बैठकींत हात वर करीत होते, त्यांच्यांतील कित्येकांना या रकमेसाठीं आणखी विचार करावासा वाटला, आणि तिच्यांतील कांहीं भागाचा निर्णय पुढें ढकलला गेला.

क्रीडांगणाचें काम सामने न थांबवितां २०२५ मध्यें सुरू झालें. २०२७ चा हंगाम ऑर्लंडो येथें खेळून २०२८ मध्यें नव्या क्रीडांगणांत परत यावयाचें, असें संघानें ठरविलें. फ्लॉरिडा व जॉर्जिया या दोन विद्यापीठांचा जो सामना १९३३ पासून, मधलीं दोन वर्षें सोडतां, याच कांठीं होत आला, तो २०२६ सालीं अटलांटा येथें व २०२७ सालीं टँपा येथें भरविण्याचें ठरलें. आणि ईस्टसाइडच्या अंगणांत मोटारी उभ्या करून घेणाऱ्यांचा तेवढ्या दिवसांचा धंदा बुडावयाचा, हें त्या घरांतून सर्वांच्या आधीं हिशेबांत धरलें गेलें.