सातबाऱ्यावर तिचं नाव



अंबड तालुक्यातलं आमचं अंतरवाली सराटी हे गाव 2023 पर्यंत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. 29 ऑगस्टला मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि नाव राज्यभर गेलं. त्या दिवशी मार खाणाऱ्यांत बायाही होत्या. लढ्यात बाई पुढे बसलेली गावाला चालते. वाटणीच्या वेळी तिला कुठे बसवतात, ते बोलायला आज जमलो आहोत.

पुढे आरक्षणाच्या दाखल्यासाठी कुणबी नोंदी शोधताना घरोघर वंशावळी काढल्या गेल्या. आजा, पणजा, खापरपणजा. लेकीसुनांना त्यांत जागा नाही. नोंद आईच्या माहेरी सापडली तरी लेकराला उपयोग नाही, दाखला बापाकडूनच. हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

जमिनीचं तेच. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला वाटा महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. हा हक्क जन्माने मिळतो, 2005 ला बाप हयात असो वा नसो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. तरी बाप गेला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. ती मुकाट सही करते. सासरी मारहाण झालीच, तर परत यायला माहेरचं तेवढं एकच दार असतं. भावाशी वाकडं घेऊन कसं चालेल? म्हणून हक्क आणि सुरक्षा मी वेगळे धरत नाही. 112 वर फोन केला तर पोलीस येतील. ते गेल्यावर तिने राहायचं कुठे?

कमाईचंही तेच. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. राबतात दोघं, मुकादम उचल ठेवतो कारभाऱ्याच्या हातात. मागे पोर एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचं लग्न कोवळ्या वयात उरकतात. काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. पत्रिका त्यालाही जाते, हे वेगळं!

बाईच्या नावे जमीन करण्याची वाट नवी नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला ओ देऊन शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. ती माणसं आपल्यासारखीच कोरडवाहू, कर्जात बुडालेली होती.

तेव्हा भावांनो, बायकोला शेतजमीन बक्षीसपत्राने द्यायला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, वर थोडा अधिभार. गावच्या भावांनी पुढच्या हंगामाआधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन यावं, बायकोला सोबत घेऊन.