बायबलचा कर्ता कोण, हा प्रश्न आणि इंग्लंडचे तुरुंग
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या चिकित्सेचा विषय निघाला की दोन प्रकारचे आक्षेप ऐकू येतात. इतरांच्या श्रद्धेला हात कशाला लावावा, हा एक. आणि जुन्या कथांवर वेळ कशाला दवडावा, हा दुसरा. परंतु "हा ग्रंथ कोणी लिहिला?" एवढ्या साध्या प्रश्नापायी इंग्लंडच्या राज्यसत्तेने पुस्तकविक्रेत्यांना आणि त्यांच्या नोकरांना वर्षानुवर्षे तुरुंगात डांबले. या प्रश्नाची सत्ताधाऱ्यांना एवढी धास्ती का वाटावी?

प्रश्न विचारणारा होता थॉमस पेन. महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी वाचलेल्या 'राइट्स ऑफ मॅन'चा हाच लेखक. त्याच्या 'एज ऑफ रीझन'चा पहिला भाग १७९४ साली आणि दुसरा १७९५ साली प्रसिद्ध झाला. पहिला भाग लिहिताना पेनजवळ बायबलची प्रतही नव्हती. पॅरिसच्या लक्झेंबर्ग तुरुंगातून सुटल्यावर त्याने ती मिळवली आणि दुसऱ्या भागात ग्रंथाला ग्रंथाचीच साक्ष लावली.

त्याची पद्धत कोणाही कारागिराला समजावी अशी होती. जुन्या करारातील पहिली पाच पुस्तके मोशेने लिहिली, असे परंपरा सांगते. मग पाचव्या पुस्तकाच्या शेवटी मोशेचा मृत्यू, त्याचे दफन आणि त्याची कबर आजवर कोणाला ठाऊक नाही हा मजकूर कोणी लिहिला? उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राम शत्रूचा दान नगरापर्यंत पाठलाग करतो. परंतु त्या नगराला दान हे नाव पडले ते लईश जिंकल्यावर, असे शास्त्यांच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय सांगतो. आणि ती घटना मोशेच्या मृत्यूनंतरची आहे. छत्तिसाव्या अध्यायात इस्राएलांवर कोणी राजा नव्हता त्या काळाचा उल्लेख येतो. राजे होऊन गेल्यावर लिहिणाराच असे लिहील. नव्या करारात मत्तय योसेफाच्या पित्याचे नाव याकोब देतो, तर लूक एली.

यातील जुन्या कराराविषयीचे बरेचसे आक्षेप नवे नव्हते. स्पिनोझाने १६७० साली त्याच धर्तीचे पुरावे मांडले होते. मात्र लॅटिनमध्ये, आणि ग्रंथावर स्वतःचे नाव न घालता. त्याच्याही ग्रंथावर हॉलंडमध्ये १६७४ साली बंदी आली. पेनने हेच रोखठोक इंग्रजीत लिहिले.

पेनला उत्तर देण्यास लँडाफचे बिशप रिचर्ड वॉटसन १७९६ साली पुढे झाले. ग्रंथ ज्याच्या नावावर आहे त्याने तो लिहिला नसला, तरी त्यातील हकिकत खरी असू शकते, असा त्यांचा एक युक्तिवाद होता. इतर इतिहासग्रंथांपुरता तो ठीक आहे. परंतु ज्या हकिकतीत सूर्य आकाशात थांबतो, तिला साक्षीदार कोण हे विचारावेच लागते. कर्त्याचे नाव गेले की ग्रंथाचा अधिकारही गेला, हे पेनचे म्हणणे बिशपांना खोडता आले नाही. याच बिशपांनी १७९३ साली एक प्रवचन छापले होते. श्रीमंत आणि गरीब दोघेही निर्माण करण्यात ईश्वराचे शहाणपण व चांगुलपणा आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते! ज्या ग्रंथाच्या आधारे असे प्रवचन करता येते, त्याचा कर्ता कोण ही चौकशी निव्वळ पंडिती राहत नाही.

सरकारचे उत्तर वेगळे होते. १७९७ साली पुस्तकविक्रेता थॉमस विल्यम्स याच्यावर खटला भरला गेला. फिर्यादीचे वकील थॉमस अर्स्किन. 'राइट्स ऑफ मॅन'च्या खटल्यात, १७९२ साली, याच अर्स्किनने पेनचा बचाव केला होता. विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेले पुस्तक चुकीचे असले तरी घातक नसते, असे त्याने ज्यूरीला सांगितले. म्हणजे आक्षेप शंकेला नव्हता, शंका कोणापर्यंत पोचते याला होता. शिक्षा ठरण्यापूर्वी अर्स्किनने विल्यम्सचे घर पाहिले. एक कोंदट खोली, आजारी मुले, आणि पोटासाठी चाललेली धार्मिक पुस्तिकांची शिलाई! दया दाखवा, अशी विनंती त्याने फिर्यादी संस्थेला केली. संस्थेने ती फेटाळली, तेव्हा त्याने वकीलपत्र सोडले. विल्यम्सला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

पुढची पाळी रिचर्ड कार्लाइल या पत्राकाम करणाऱ्या कारागिराची. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरला पीटरलूच्या मैदानात कामगारांच्या सभेवर घोडदळ घातले गेले, तेव्हा तो व्यासपीठावर होता. त्याच वर्षी 'एज ऑफ रीझन' आणि आणखी एक पुस्तक छापल्याबद्दल त्याला तीन वर्षांची कैद व १,५०० पौंड दंड झाला. दंड न भरल्याने तो १८२५ पर्यंत आतच राहिला. न्यायालयात त्याने बचावासाठी अख्खे पुस्तक वाचून दाखवले. कामकाजाचा वृत्तान्त म्हणून ते पुन्हा छापता आले. त्याची पत्नी जेन आणि बहीण मेरी ॲन यांनाही तुरुंगवास घडला. दुकान नोकरांनी चालू ठेवले. तेही पकडले जाऊ लागले. तेव्हा दुकानात एक तबकडी बसवली गेली. गिऱ्हाइकाने काटा हव्या त्या पुस्तकाच्या नावावर फिरवावा, पैसे टाकावेत आणि पुस्तक खाली घसरत यावे. विकणारा दिसतच नसे, मग पोलीस साक्ष कोणाविरुद्ध देणार?

हेच पुस्तक कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील तरुणांच्या हाती पडले, तेव्हा अलेक्झांडर डफ या मिशनऱ्याने त्याबद्दल तक्रार केली. विद्वत्तेच्या क्षेत्रात मात्र निकाल केव्हाच लागला आहे. मोशेची म्हटली जाणारी पुस्तके अनेक हातांची व अनेक काळांची आहेत, आणि चारही शुभवर्तमाने मुळात निनावी आहेत, असे बहुसंख्य ख्रिस्ती अभ्यासकही मानतात. रोमच्या चर्चने १९०६ साली मोशेच्या कर्तृत्वाचा बचाव केला होता. १९४३ च्या पोपपत्रानंतर कॅथलिक अभ्यासकांनाही मोकळीक मिळाली. इंग्लंड व वेल्समधील ईश्वरनिंदेचा गुन्हा रद्द व्हायला २००८ साल उजाडले.

पेन नास्तिक नव्हता. एका ईश्वरावर आपला विश्वास आहे, असे तो पुस्तकाच्या आरंभीच सांगतो. त्याची खरी मर्यादा वेगळी होती: धर्मग्रंथ त्याला पुरोहितांची लबाडी वाटे. लबाडीने एवढे साम्राज्य जिंकले जात नाही, ज्या परिस्थितीत हा धर्म जन्मला व वाढला तिचाच उलगडा व्हायला हवा, असे एंगल्सने १८८२ साली ब्रूनो बाउअरवरील लेखात बजावले. मात्र एंगल्सचे आद्य ख्रिस्ती धर्मावरील लेखन वाचताना एक दुरुस्ती सोबत वाचावी. 'प्रकटीकरण' हे त्याने नव्या करारातील सर्वांत जुने पुस्तक मानले आणि त्याचा काळ इसवी सन ६८ च्या सुमारास धरला. आजचे बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरचे मानतात, आणि सर्वांत जुनी म्हणून पौलाची पत्रे धरतात. त्यांतही पौलाच्या नावावरील तेरांपैकी सातच निर्विवाद त्याची आहेत. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे सांगणारी इफिसकर, कलस्सैकर आणि पहिले तीमथ्य ही पत्रे त्या सातांत नाहीत.