ग्रंथीज्वर : ताप उतरल्यानंतरची सावधगिरी



ताप उतरला म्हणजे आजार संपला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळ तापांच्या बाबतीत ती चालून जाते. ग्रंथीज्वराच्या बाबतीत मात्र ती क्वचित एखाद्या तरुणाच्या जिवावर बेतते.

डॉक्टर मंडळी ज्याला ‘इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस’ म्हणतात, तोच हा ग्रंथीज्वर. ‘एपस्टाईन-बार’ या विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू १९६४ साली उजेडात आला, तरी या ज्वराशी त्याचा संबंध १९६८ मध्ये सिद्ध झाला, आणि तोही काहीसा योगायोगाने. फिलाडेल्फिया येथील हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एक तरुण तंत्रज्ञ स्वतःच आजारी पडली. पूर्वी तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये नव्हती. आजारानंतर ती दिसू लागली.

विषाणू लाळेतून पसरतो. पाश्चात्त्य देशांत यावरून या आजाराला ‘चुंबनाचा रोग’ असे टोपणनाव मिळाले. ते फसवे आहे. एकच पेला, एकच बाटली तोंडाला लावल्यानेही तो होऊ शकतो. तेव्हा आजारी मुलामुलीकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. लहानपणी हा संसर्ग बहुधा नकळत होऊन जातो. त्यातून सुटलेल्यांना तो पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान गाठतो व तेव्हा चांगलाच त्रास देतो. घसा धरतो, मानेत गाठी येतात, ताप राहतो आणि थकवा कित्येक आठवडे जात नाही.

खरी चिंता पानथरीची. हिवतापाने वाढलेली पानथरी जुन्या पिढीच्या परिचयाची होती. ग्रंथीज्वरातही सुमारे निम्म्या रुग्णांची पानथरी वाढते. एरवी बरगड्यांच्या आड सुरक्षित असणारा हा अवयव फुगून खाली येतो आणि नाजूक होतो. तो फुटण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे; पण फुटला तर पोटात रक्तस्राव होतो. हा धोका बहुधा पहिल्या तीन-चार आठवड्यांत असतो, म्हणजे नेमका मुलगा “आता मला बरे वाटते” म्हणून मैदानाकडे निघतो तेव्हा. गोव्यात तो फुटबॉलकडे धावेल, बेळगावकडे तालमीत उतरेल. मार लागलाच पाहिजे असेही नाही. जड ओझे उचलताना, क्वचित काही कारण नसतानाही पानथरी फुटल्याची उदाहरणे आहेत.

पोटाच्या डाव्या बाजूस वर एकाएकी कळ येणे, डावा खांदा दुखणे, घेरी, घाम, चेहरा पांढरा पडणे ही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब लावू नये. खांदा दुखतो म्हणून लचक समजून, किंवा पोटात वायू धरला म्हणून तेल लावून चोळत बसणे घातक ठरेल. शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच रुग्णाला न्यावे. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवता येते.

क्वचित घशातील गाठी इतक्या सुजतात की लाळही गिळता येत नाही व श्वास घेताना आवाज येतो. क्वचित मेंदूला सूज येते, किंवा पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो. हेही त्याच तातडीचे प्रसंग होत.

औषधांविषयी एक सूचना. हा विषाणू प्रतिजैविकांनी मरत नाही. घसा दुखतो म्हणून घरात उरलेल्या ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्यास पुष्कळदा अंगभर पुरळ उठते आणि घरातली माणसे अकारण घाबरतात. ॲस्पिरीनही स्वतःच्या मनाने देऊ नये.

शिक्षकांवर येथे मोठी जबाबदारी आहे. आजार सुरू झाल्यापासून किमान तीन आठवडे विद्यार्थ्याला कवायत व खेळ यांतून सूट द्यावी. फुटबॉल, कबड्डी, कुस्ती यांसारख्या अंगझटीच्या खेळांना डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय उतरवू नये. आंतरशालेय सामना तोंडावर आला असेल आणि तोच मुलगा संघाचा कर्णधार असेल, तरीही.