मॉल आणि मोहल्ल्यातले दुकान
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांचे घर एखाद्या छोट्या दुकानावर चालते. तेव्हा मॉलचा प्रश्न हा आपल्या शिक्षणाचाही प्रश्न आहे.

मुंबईत १९९९ साली क्रॉसरोड्स मॉल उघडला. पुढे लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवरही मॉल उभा राहिला. छोटा दुकानदार आता बुडणार, हे भाकीत तेव्हापासून ऐकू येते. वस्तुस्थिती काय आहे? दिल्लीच्या 'इक्रिअर' या संस्थेने २००८ साली दहा शहरांतील छोट्या दुकानांची पाहणी प्रसिद्ध केली. मोठ्या दुकानाशेजारच्यांची विक्री व नफा घटला होता. पण काळाबरोबर हा परिणाम ओसरत गेला. या स्पर्धेमुळे बंद पडणाऱ्या दुकानांचे प्रमाण वर्षाला १.७ टक्के होते. मात्र संस्थात्मक कर्ज अवघ्या १२ टक्के दुकानदारांना मिळत होते. खरे दुखणे इथे आहे!

मॉल थेट कारखान्याकडून घाऊक माल उचलतो, म्हणून त्याला स्वस्त पडतो. आपला दुकानदार दोन-तीन हातांतून आलेला माल घेतो. त्याचे बळ वेगळे आहे. तो पावशेर साखर देतो, पगार होईपर्यंत उधार देतो, आजाऱ्याच्या घरी सामान पोहोचवतो. पण वही नीट नसली तर तीच उधारी त्याला बुडवते.

म्हणून माझ्या नम्र मते तीन गोष्टी हव्यात. पहिली, रोजचा चोख हिशेब. दुसरी, एकत्र खरेदी. मुंबईत १९४८ साली कामगारांनी 'अपना बाजार' उभा केला. ग्राहक एकत्र येऊ शकतात, तर दहा दुकानदारांना ते का जमू नये? तिसरी, भांडवल. ज्यांना अल्लाहने दिले आहे, त्यांनी कर्ज-ए-हसनाची परंपरा दुकानदारांसाठीही चालवावी.

पालकांनो, मुलगा शिकून दुकानावर बसला, तर शिक्षण वाया गेले असे म्हणू नका. मुलगी हिशेब पाहू लागली, तर तिला अडवू नका. आपल्या पैगंबरांनी (स.) तिजारत केली, हजरत खदीजा (र.) स्वतः व्यापार सांभाळीत. मापात खोट करणाऱ्यांना इशारा देणारी एक स्वतंत्र सूरह कुरआनात आहे. सचोटी घरची आहे; तिला विद्येची जोड द्या. मग शेजारी मॉल आला, तरी आपल्या दुकानाचा दिवा विझणार नाही.

जयहिंद!