पोटात पाय, पाठीत शंख

मृगाच्या दोन सरी पडल्या की आमच्या आसनगावात ओट्यावर, न्हाणीत, भाताच्या बांधावर गोगलगायी दिसू लागतात. वरून गरीब, आतून लबाड अशा माणसाला आपण ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ म्हणतो. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी या वर्गाला दिलेल्या ‘गॅस्ट्रोपोडा’ या ग्रीक नावाचा अर्थही तोच, पोटपाय. आमच्या आजीला ग्रीक येत नव्हतं, एवढंच.

शंख, कवड्या याच भावकीतल्या, आणि समुद्री ससाही. गेल्या पौषात गावची पाच-सहा पोरं घेऊन लोकलने दादर आणि तिथून वांद्र्याला गेलो. ओहोटीने खडक उघडे पडले होते. एका डबक्यात शेवाळावरून मुठीएवढा तपकिरी गोळा सरकत होता. डोक्यावर दोन शिंगं, सशाच्या कानांसारखी उभी. जुने रोमन लोकही त्याला ससाच म्हणत.

“पण याचा शंख कुठाय?” पोरांनी विचारलं. आहे, पण पाठीच्या कातडीखाली, नुसता पापुद्रा. काही जातींत मोठेपणी तोही उरत नाही.

अंगावर घर नाही, मग जीव कसा वाचवायचा? एका पोराने न राहवून बोट लावलं, आणि डबक्यात जांभळी शाई पसरली. हा रंग तो लाल शेवाळ खाऊन मिळवतो. नुसत्या हिरव्या शेवाळावर ठेवला तर जांभळी शाई बनत नाही. शेजारी खडकाला त्याची अंडी चिकटली होती, बाजेवर वाळत घातलेल्या शेवयांचा गुंता जसा.

या प्राण्याच्या मज्जापेशी जेमतेम वीस हजार, पण काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात. म्हणून एरिक कँडेल यांनी स्मरणशक्तीच्या अभ्यासाला तोच निवडला. हलकेच स्पर्श केला की ससा कल्ला आत ओढतो. पुन्हा पुन्हा केला की सोडून देतो. शेपटीला विजेचा झटका दिला की पुढचा साधा स्पर्शही त्याला दचकवतो. आठवण राहते ती पेशींच्या जोडांत, हे त्यातून उलगडलं. 2000 सालच्या वैद्यकातल्या नोबेलमध्ये कँडेल वाटेकरी होते.

परतताना कसारा लोकलमध्ये त्या पोराचा जांभळा रुमाल पाहून समोरच्या मावशी म्हणाल्या, “आत्ता पौषात जांभळं कुठं मिळाली रे?”