सभामंडपाचे लाकूड टिकावे कसे?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आपले जुने खांब बुडाशी कुजले होते. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. ओल मिळाली की बुरशी ते खाते. ओल शेकडा २० च्या खाली राहिली, तर तिचे काही चालत नाही.

आर्वी-कारंजाकडील संत्रा-बागाईतदार मोरचूद व चुना कालवून बोर्डो मिश्रण करतात. त्यातील तांबे बुरशीची जीवनक्रिया बंद पाडते. लाकडालाही हाच न्याय. पण नुसते मोरचूद पावसाने धुऊन जाते. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी त्यात क्रोमियम व आर्सेनिक मिळवले. क्रोमियममुळे तांबे लाकडात पक्के बसते. आर्सेनिक वाळवीला आवरते.

परंतु आर्सेनिक हे विष. जेथे लेकरे खांबाला बिलगतात, तेथे ते नको. आडोशाच्या जागी आर्सेनिकऐवजी बोरॉनचे मिश्रण बरे. औषध भरलेल्या लाकडाच्या ढलप्या चुलीत मुळीच घालू नयेत. सागाचा गाभा स्वतःच टिकाऊ असतो. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र लवकर सडते.

औषधाआधी ओल तोडावी. खांबाखाली दगडी तळखडा असावा आणि दरवर्षी मृगापूर्वी कवेलू फेरावे. एवढे सांभाळले, तर हा मंडप नातवंडेही पाहतील. जय हिंद!