नाणे आणि त्याची माती



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी गुप्तधनाचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शब्दाचा अर्थ वाक्यात उलगडतो, हे जन्मभर शिकविलेल्या माणसाला नाण्याविषयीही तेच सांगावेसे वाटते.

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड येथे रात्री गावकऱ्यांची झुंबड उडाली. महामार्गाच्या कामातून निघालेल्या मातीत मोगलकालीन नाणी असल्याची वदंता पसरली होती. संभाजीराजांवरील ‘छावा’ हा चित्रपट नुकताच, फेब्रुवारीत, झळकला होता; बुऱ्हाणपूरच्या १६८१ च्या लुटीच्या स्मरणाने त्या वदंतेला बळ मिळाले. विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन लोक शेत उकरू लागले.

आपण सुरतकरांनी त्यांना हसू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये वराछात हिरे सांडल्याची वावडी उठली, तेव्हा इथेही लोकांनी रस्त्याची धूळ चाळली. हाती आले ते नकली खडे. गरजवंताला लोभी म्हणणे सोपे असते. मला चिंता आहे ती उकरण्यात जे नाहीसे होते त्याची.

सुरत आणि बुऱ्हाणपूर ही दोन्ही तापीकाठची शहरे. मोगलकाळी सुरतेहून आग्र्याकडे जाणारी एक मोठी वाट बुऱ्हाणपुरावरून जाई. आपल्या बंदरात उतरलेली चांदी येथील टांकसाळीत रुपया होऊन बाहेर पडे. समजा, असा एक सुरती रुपया असीरगडच्या मातीत आहे. तो मडक्यात होता की सुटा? शेजारी चुलीची राख होती काय? त्यावरून ती सावकाराची पुंजी होती, शिपायाचा पगार होता, की भयाने पुरलेली शिल्लक, याचा काही अदमास बांधता येतो. रुपया उपटून वितळविला की चांदीचा भाव तेवढा उरतो. आपल्यापैकी अनेकांची घरे खानदेशातून याच तापीच्या खोऱ्याने सुरतेस आली. बादशहांच्या बखरी झाल्या, पेढ्यांची दप्तरे राहिली. सामान्य माणसाची साक्ष बहुधा मातीतच असते.

इंग्लंडात शेतमालकाच्या संमतीने धातुशोधकांचे मेळावे भरतात आणि १९९७ पासून अशा वस्तूंची नोंद ठेवणारी योजना तेथे आहे. तत्पूर्वी, १९९२ साली, होक्स्न गावी एरिक लॉज हे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधीत होते. रोमनकालीन नाणी लागताच त्यांनी थोडे उकरले आणि थांबून खबर दिली. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्याच दिवशी जागेवर उत्खनन केले. सुमारे १५ हजार नाणी तर मिळालीच. शिवाय सारा ऐवज पेटीत कसा रचला होता, हेही उमगले. तो हातोडादेखील ब्रिटिश म्यूझियमने जपला आहे.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते.

विद्यार्थ्यांनो, पायाच्या खोदाईत वा शेतात कधी जुने नाणे दिसले, तर ते चिंचेने घासू नका. जागा, खोली आणि सोबतच्या वस्तू वहीत टिपा आणि वडीलधाऱ्यांकरवी खबर द्या. त्या वहीतील चार ओळींचे मोल कोणत्याही सराफाला करता येणार नाही.